तिकडे चालणारं कार्ड

थोरल्याला काही निवडायला सांगणं म्हणजे गोगलगायीच्या हाती तातडीचा निरोप देणं. साधी भाजी आणायला गेला तरी तो वांगं आधी चारी बाजूंनी बघायचा, मग विकणाऱ्याचं तोंड बघायचा, पुन्हा वांग्याकडे वळायचा, तोवर ते वांगं दुसऱ्याच कुणाच्या घरी शिजायला पडलेलं असायचं. हे सगळं बाईंनी आजवर चालवून घेतलं होतं. पण पाठचा भाऊ परमुलखात शवागारात पडलेला असताना हा गृहस्थ जेवणाच्या टेबलावर बँकेची पत्रकं पसरून, कोणत्या कार्डाने तिकडे पैसे काढले की किती कापतात याचा अभ्यास करत बसला, तेव्हा मात्र त्यांच्या डोक्यात तिडीक गेली.

“परीक्षा कधी आहे तुझी?” त्यांनी विचारलं.

“आई, तिकडे दर खेपेला पैसे कापतात. आपली बँक कापते, त्यांची बँक कापते, वर चलन बदलल्याचं वेगळंच. चुकीचं कार्ड नेलं तर...”

“तर काय? तो उठून बसणार आहे आणि म्हणणार आहे, आई, फार कापले गं?”

थोरला गप्प झाला. गप्प होण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याचे डोळे सुजले होते, बातमी आल्यापासून त्याने पाठ टेकली नव्हती, हे बाईंना दिसत होतं. पण दिसलेलं सगळं बोलून दाखवायची त्यांची रीत नव्हती. त्या बोलायच्या ते लागेल असंच.

बाई म्हणजे काज-बटणवाल्या बाई. गल्लीच्या टोकाला दोन खोल्यांत त्यांचा कारखाना होता. गावभरच्या शिंप्यांकडून शिवलेल्या शर्टांचे गठ्ठे यायचे, बाईंच्या बायका त्यांना काजं पाडायच्या, बटणं लावायच्या, आणि गठ्ठे परत जायचे. नवरा गेल्यावर ह्याच बटणांवर त्यांनी दोन पोरगे वाढवले. थोरला शिकला, कचेरीत चिकटला. धाकटा शिकला नाही, रंगारी झाला, आणि उंच इमारतींना बाहेरून झुल्यावर बसून रंग देणाऱ्या टोळीबरोबर समुद्रापार गेला. तिकडे एका सकाळी झुल्याचा दोर तुटला. ठेकेदाराने फोन बंद करून ठेवला. बातमी कळवली ती धाकट्याच्या खोलीत राहणाऱ्या सोबत्याने.

“मावशी,” तो फोनवर म्हणाला होता, “लवकर या. घरचं कुणी आलं नाही तर हे लोक जास्त दिवस ठेवत नाहीत, नगरपालिकेची गाडी नेते. थंड खोलीचं भाडं चढतंय. ते रोखच घेतात, आणि भरल्याशिवाय दार उघडत नाहीत.”

त्याला घरी आणणं आपल्या ऐपतीबाहेरचं आहे, हे बाईंनी त्याच क्षणी मनाशी कबूल केलं. त्यावर त्या रडल्याही नाहीत. एवढंच म्हणाल्या, “मला त्याचं तोंड बघायचंय. मग पुढे काय करायचं ते करू देत त्यांना.” आणि तेव्हापासून त्या दुसरं काहीच मागत नव्हत्या.

थोरल्याचा अभ्यास एकदाचा आटोपला. त्याच्या पगाराच्या कार्डात दोन तिकिटांनी खडखडाट झाला होता, आणि तसंही ते तिकडे सोलून काढणारं होतं. पैसे आधी भरून ठेवायचं म्हणून एक प्रवासाचं कार्ड मिळायचं, पण ते हातात पडेपर्यंत सगळंच आटोपलं असतं. राहता राहिलं ते बाईंच्या खात्यावरचं. कारखान्याचे पैसे त्यातच होते, बँक त्याच दिवशी हातात नवं कार्ड देत होती, आणि त्या कार्डाला परदेशात जवळजवळ काहीच लागत नव्हतं.

“मग घोडं कुठे अडलंय?” बाई म्हणाल्या. “पैसा माझा, पोरगा माझा, कार्ड माझं.”

“गुप्त नंबर तुला लक्षात ठेवावा लागेल, आई. चार आकडी.”

“कोणत्या शिंप्याला कोणतं बटण लागतं ते सगळं माझ्या डोक्यात असतं. चार आकड्यांना मी भिते होय?”

थोरल्याने तोंड उघडलं, काहीतरी म्हणायचं ठरवलं, आणि मिटलं.

खरी गोष्ट अशी होती की बाईंना आकडे येत होते, पण शाळेतले. दुसरीपर्यंत पाटीवर गिरवलेले. यंत्रांवर, नोटांवर, बसच्या कपाळावर जे आकडे असायचे ते वेगळे, इंग्रजी होते, आणि बाईंच्या मते लबाड होते. त्यांतला नऊ तर चक्क आपल्या एकासारखा दिसायचा. एकदा त्यापायी भलत्याच बसमध्ये बसून त्या गावाच्या दुसऱ्या टोकाला उतरल्या होत्या, आणि घरी येऊन “तिकडे काम होतं” असं तोऱ्यात सांगितलं होतं. नोट त्या रंगावरून ओळखत, फोन चित्रांवरून लावत. इतकी वर्षं कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. निदान त्यांची तशी समजूत होती.

बँकेतल्या मुलीने नवं कार्ड भिंतीतल्या यंत्रात घातलं. “आजी, आता चार आकडे दाबा. कुणाला सांगायचे नाहीत हं. मुलालासुद्धा नाही.”

“मुलाला तर नाहीच,” बाई म्हणाल्या. ती मुलगी हसली. थोरल्याने शहाण्यासारखं तोंड भिंतीकडे फिरवलं.

बाईंनी आकड्यांच्या पाटीकडे पाहिलं. वरून खाली तीन ओळी, ओळीत तीन खळगे, आणि शून्य बिचारं खाली एकटं. त्यांना आकडे दिसलेच नाहीत. त्यांना दिसले चार कोपरे, म्हणजे चार भोकांचं बटण. वरचं डावं भोक, तिथून तिरपं खालचं उजवं. मग वरचं उजवं, तिथून तिरपं खालचं डावं. फुलीचा टाका. जन्मभर त्यांनी दुसरं केलं काय होतं? बोटाला सांगावंही लागलं नाही, ते आपोआप गेलं. मुलीने पुन्हा दाबायला सांगितलं, पुन्हा फुली पडली. यंत्र खूश झालं आणि त्याने करकरीत नोट बाहेर काढून दाखवली.

“बघितलंस?” बाई थोरल्याच्या पाठीला म्हणाल्या. “तू उगाच कागद पसरून बसला होतास.”

निघायच्या आदल्या संध्याकाळी तो दारात उभा राहून पुटपुटला, “थोडे पैसे इथूनच बदलून घेऊ का? म्हणजे उतरल्यावर हाताशी असलेले बरे.”

“त्या बदलणाऱ्याच्या दुकानात? एकाचे पाऊण करून देतो मेला. आपल्याकडे कार्ड आहे ना? का दोन दिवस उगाच डोकं खाल्लंस माझं?”

“नाही, बरोबर आहे,” थोरला म्हणाला. तरीही त्याने टॅक्सीपुरते गुपचूप बदलून घेतले, आणि ते टॅक्सीतच संपले.

सोबती त्यांना शवागाराच्या दारात भेटला. पोरसवदा, नखांत रंग अडकलेला, अंगावर उसना कोट. आपल्याच भाषेचा होता, एवढा एकच दिलासा. त्याने वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, “मावशी, तो रोज तुमचंच सांगायचा. म्हणायचा, माझी आई कारखाना चालवते, तिला जगात कुणी फसवू शकत नाही.”

बाईंनी मान ताठ केली. ती मान ताठ ठेवूनच त्या आत गेल्या.

आत एक लांब मार्गिका, खाली ओलसर फरशी, भिंतीत पाण्याचा नळ. टोकाला राखाडी दार, त्याच्या कडांना रबराची पट्टी. त्या दाराच्या फटीतून गारवा पायांवर येत होता. धाकटा त्या दारामागे होता. बाई सरळ दाराकडे निघाल्या. सोबत्याने त्यांना हलकेच दंडाला धरून खिडकीशी आणलं.

खिडकीतला कारकून म्हातारा होता, चष्मा दोऱ्याने बांधलेला. तो वाईट माणूस असता तर बाईंना बरं पडलं असतं, त्यांच्याकडे त्यासाठी शब्द तयार होते. पण त्याने आधी उठून खुर्ची बाहेर दिली, मग हळू आवाजात सगळं सांगितलं, आणि सोबती एकेक वाक्य आपल्या भाषेत आणत गेला. “तो म्हणतोय, मी एकदा मुदत वाढवून घेतली. पुन्हा वाढत नाही. आज कचेरी बंद व्हायच्या वेळी गाडी येईल, यादीत आपलं नाव आहे. भाडं भरलं की पावती, पावती झाली की दार. पावतीशिवाय दाराची किल्लीच त्याच्याकडे येत नाही, ती आतल्या साहेबाकडे असते.”

“कार्ड चालेल का विचार,” थोरला म्हणाला.

“नाही चालत. रोखच. कोपऱ्यावर औषधाच्या दुकानाशेजारी मशीन आहे.”

“मग एवढं पुराण कशाला?” बाई म्हणाल्या. “चला.”

मशीन भिंतीत बसवलेलं होतं, वर पत्र्याची झडप. बाईंनी कार्ड सरकवलं. पडद्यावर अक्षरं उमटली, सोबत्याने ती वाचून कुठे काय दाबायचं ते सांगितलं, आणि नंबराची वेळ आली तसा तोही दोन पावलं मागे सरला. थोरल्याने नेहमीप्रमाणे तोंड फिरवलं. बाईंनी फुली घातली. वरचं डावं, खालचं उजवं, वरचं उजवं, खालचं डावं.

पडद्यावर लाल अक्षरं आली.

“नंबर चुकला म्हणतंय, मावशी,” सोबती मागून म्हणाला. “घाईत होतं असं.”

बाईंनी पाटीकडे नीट पाहिलं. काहीतरी खुपत होतं. तो लबाड नऊ, आपल्या एकासारखा दिसणारा, घरच्या यंत्रात खालच्या उजव्या कोपऱ्यात असायचा, दुसऱ्या भोकात. इथे तो वर चढून बसला होता. पण परक्या मुलखातलं यंत्र, त्याची तऱ्हा वेगळी असणारच, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. मागे तो पोरगा उभा होता, ज्याला धाकट्याने आईच्या एवढ्या गोष्टी सांगितल्या होत्या. बाईंनी बोट पुसलं आणि सावकाश, दाबून, दुसऱ्यांदा फुली घातली.

पुन्हा लाल अक्षरं. ह्या वेळी यंत्र ओरडलंही.

“मावशी, आता एकदाच देईल ते. मग कार्ड आत घेतं.”

थोरला वळला नव्हता, पण त्याचा आवाज अगदी जवळ आला. “आई. नंबर मला सांगतेस का? मी दाबून बघतो.”

सांगायचं काय? त्यांच्याकडे नंबर नव्हताच, बटण होतं. ते सांगायचं तर आधी हे सांगायला हवं होतं की कारखान्याच्या मालकिणीला यंत्रावरचे आकडे वाचता येत नाहीत. सोबती टक लावून बघत होता.

“बँकेतली ती मुलगी म्हणाली ना, मुलालासुद्धा सांगायचा नाही?” बाई म्हणाल्या. “मग भिंतीकडे बघ.”

थोरला अर्धा वळला. “आई, मी...”

“भिंतीकडे बघ म्हटलं ना.”

त्याने भिंतीकडे बघितलं. बाईंनी तिसऱ्यांदा फुली घातली. यंत्राच्या पोटात काहीतरी घरघरलं, खाच काळी झाली, आणि कार्ड परत आलं नाही.

पुढचं सगळं थोरल्याने केलं, आणि धावत केलं. रस्त्यापलीकडे त्या मशीनच्या बँकेची शाखा होती. काउंटरवरच्या मुलीने ऐकून घेतलं आणि मान हलवली; यंत्रात अडकलेलं कार्ड दुसऱ्याच कचेरीत जातं, ते उघडणारा माणूस उद्या येतो. थोरल्याने हात जोडले. त्याने बायकोला फोन लावला, तिने शेजाऱ्यांकडे धाव घेतली, पण पाठवलेला पैसा पोचायला दुसरा दिवस उजाडणार होता. तो शवागारात परत येऊन म्हाताऱ्या कारकुनाला मनगटावरचं घड्याळ काढून देऊ लागला. कारकुनाने ते हलक्या हाताने त्याच्याच मनगटावर परत बांधलं.

“मी बघतो,” सोबती म्हणाला. “पोरं दोन-तीन इमारतींवर पांगलीत. सगळ्यांकडे थोडं थोडं असेल.” कोट काढून तो पळाला.

बाई खुर्चीवर बसल्या. राखाडी दार समोरच होतं. एकदा ते उघडलं, पांढऱ्या डगल्यातला माणूस बाहेर आला, आणि दार मिटायच्या आत बाई उठून तिथवर पोचल्या; पण आत फक्त आणखी एक दार दिसलं. डगल्यातला माणूस काहीतरी समजुतीचं बोलला. बाईंनी त्याला आपल्याच भाषेत सांगितलं, “माझा मुलगा आहे रे आत. घेऊन नाही जात, नुसतं बघते.” त्याने कारकुनाकडे पाहिलं, कारकुनाने टेबलाकडे. थोरला भिंतीला टेकून उभा होता आणि एकसारखा ओठ चावत होता.

उजेड उतरायला लागला तशी मागच्या अंगणात गाडी आली. दाराची फळकुटं वाजली, चाकांचा आवाज झाला. बाईंनी तिकडे जायला रस्ता शोधला, पण मार्गिकेतून त्या अंगणात जायला वाट नव्हती. कारकून आत गेला, बराच वेळ परतला नाही. नंतर सोबत्याने विचारलं तेव्हा कळलं, की ड्रायव्हरला त्याने स्वतःच्या खिशातली सिगारेट देऊन ओढून होईपर्यंत थांबवलं होतं. त्याच्या हातात तेवढंच होतं.

सोबती दोन्ही मुठींत चुरगळलेल्या नोटा घेऊन धापा टाकत दारात आला, तेव्हा म्हातारा खिडकीची झडप ओढत होता. नोटांकडे बघून त्याने चष्मा काढला. गाडी शहराबाहेर गेली होती. तिथे बाहेरच्या माणसाला सोडत नाहीत, आणि सकाळपर्यंत सगळं आटोपतं.

“हे मशीनच नालायक,” सोबती रडत रडत म्हणाला. “त्या गल्लीतलं मशीन नेहमी असंच करतं.”

“हो,” बाई म्हणाल्या. “मशीनच.”

त्याने त्यांना खोलीवर आणलं. एकावर एक पलंग, दोरीवर रंगाचे डाग पडलेले कपडे, कोपऱ्यात सगळ्यांची मिळून एक शेगडी. धाकट्याची जागा खालची होती. गादी गुंडाळून ठेवली होती, सोबत्याने ती पुन्हा पसरली, दोघांना चहा दिला, आणि कामाच्या पाळीची वेळ झाली म्हणून हात जोडून निघून गेला. बाईंनी चहाला तोंड लावलं नाही. गादीवर हात फिरवत बसल्या. थोरला खाली फरशीवर, गुडघे छातीशी घेऊन.

“आई, एक सांगू?”

“आता काय राहिलंय सांगायचं?”

“मशीन बिघडलेलं नव्हतं.”

बाईंचा हात थांबला.

“पाटी उलटी होती,” थोरला फरशीकडे बघत म्हणाला. “आपल्याकडे वरच्या ओळीत एक-दोन-तीन असतात. इथे वर सात-आठ-नऊ होते, हिशेबाच्या यंत्रासारखे. तू बटण लावतेस तशी दाबत होतीस. बाजूच्या दुकानाच्या काचेत मला तुझा हात दिसत होता. दुसऱ्यांदा दाबलंस तेव्हा कळलं मला. खालून वर दाबायचं, बस, एवढंच होतं.”

बाई म्हणाल्या, “मला ते आकडे येत नाहीत, हे तुला कधीपासून ठाऊक आहे?”

“शाळेत होतो तेव्हापासून. त्यालाही ठाऊक होतं. आम्ही आपापसातसुद्धा कधी बोललो नाही.”

“आणि तिथे का नाही बोललास?”

“मी म्हटलं होतं ना, नंबर मला सांग म्हणून...”

“ते नाही विचारत. कळल्यावर का नाही बोललास?”

थोरल्याने तोंड ओंजळीत घेतलं. “तो पोरगा उभा होता, आई. त्याच्यासमोर कसं सांगू, की तुला वाचता येत नाही? तुझं हसं झालं असतं. आणि तू मला... मला वाटलं, तिसऱ्यांदा तुझ्याच ध्यानात येईल.”

वरच्या पलंगाची एक फळी आपोआप करकरली. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. केस विरळ झालेला, पोट सुटलेला, घरी दोन लेकरं असलेला हा माणूस ओंजळीतून मुळूमुळू रडत होता. त्यांनी त्याला जवळ घेतलं नाही. त्यांचा आवाज चढलाही नाही, आणि थोरल्याने मान वर केली ती त्यामुळेच.

“बोलला असतास ना,” बाई म्हणाल्या, “तर मी तुला तिथल्या तिथे, त्या पोरासमोर, भर रस्त्यात सोलून काढलं असतं. तुझ्या बापाचा उद्धार केला असता. आणि मग गुमान तू सांगशील तसं दाबलं असतं, आणि माझ्या लेकराला डोळे भरून बघितलं असतं. तुला असा भित्रा मीच केला, ते माझ्या माथी, ते मी मरेपर्यंत वाहीन. पण तू काही आता बोट धरून चालणारा पोर नाहीस. तुझी निवड चोख होती, कार्ड चोख होतं. आईच्या चार शिव्या खायच्या होत्यास रे. तेवढ्या तुझ्याच्याने खाववल्या नाहीत.”